फाइलझिलाच्या मेनूत दडलेलं १९७१ साल

फाइलझिला किंवा विनएससीपी यांसारखं सर्व्हरवर फाइली चढवायचं सॉफ्टवेअर उघडलं की खिडकीचे दोन भाग दिसतात. डावीकडे तुमचा संगणक, उजवीकडे वेबसाइट ठेवलेला सर्व्हर. डावीकडची फाइल ओढून उजवीकडे टाकली की साइटवरचं पान बदललं. एवढं सोपं काम. पण मेनूत जरा खोल शिरलं की ‘आस्की’, ‘बायनरी’, ‘पॅसिव्ह’ असे शब्द भेटतात आणि बहुतेक जण तिथून गुपचूप परत फिरतात.

हे शब्द आले ते आर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्याच्या, काळातून. १६ एप्रिल १९७१ रोजी आरएफसी ११४ हा दस्तऐवज निघाला आणि फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल (फाइली पाठवण्याचे ठरलेले नियम), म्हणजे एफटीपी, जन्माला आला. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. पुढच्याच वर्षी त्यात टपालाच्या आज्ञाही घातल्या गेल्या, त्यामुळे काही काळ ईमेलसुद्धा एफटीपीच्या पाठीवर बसून जात असे!

त्या जाळ्यातली यंत्रं एकमेकांना अनोळखी होती. पीडीपी-१० हा संगणक ३६ बिटांच्या हिशेबाने चाले, आयबीएम ३६० हा ३२ बिटांच्या. अक्षरांचे संकेतही निराळे, एकाचा आस्की तर दुसऱ्याचा एबसीडिक. बिट जसेच्या तसे पाठवले तर पलीकडे मजकुराऐवजी कचरा उमटायचा. म्हणून पाठवायची गोष्ट मजकूर आहे (‘आस्की’) की निव्वळ बिट (‘बायनरी’), हे आधी सांगण्याची सोय करावी लागली.

यंत्रांमधले ते फरक बरेचसे मिटले, तरी एक टिकून आहे. विंडोजमध्ये ओळ संपल्याची खूण दोन बाइटांची असते, लिनक्समध्ये एकाच बाइटची. आस्की पद्धतीत सॉफ्टवेअर या खुणा परस्पर बदलतं. मजकुराला ते सोयीचं, पण फोटोत योगायोगाने तेच बाइट आले तर तेही बदलले जातात आणि फोटो बिघडतो. पीएनजी चित्रप्रकार घडवणाऱ्यांना हा धोका ठाऊक होता. त्यांनी फाइलच्या पहिल्या ८ बाइटांतच ओळ संपल्याच्या या खुणा मुद्दाम पेरून ठेवल्या. वाटेत कोणी त्यांना हात लावला, की फाइल उघडतानाच चोरी पकडली जाते. मला ही युक्ती फार आवडते.

दुसरी गंमत वाटांची. एफटीपीत आज्ञा एका जोडणीवरून जातात (सर्व्हरचं पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेलं दार, २१) आणि फाइली दुसऱ्या जोडणीवरून. मूळ ‘ॲक्टिव्ह’ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर आपल्याकडे उघडायला येतो. घरचा राउटर बाहेरून आलेल्या अशा पाहुण्याला दारातच अडवतो. ‘पॅसिव्ह’ पद्धतीत उलट होतं. सर्व्हर नुसता पोर्ट क्रमांक सांगतो, जायचं आपण. लॉगिन झालं पण फोल्डरची यादीच येत नाही, ही नेहमीची तक्रार बहुधा इथली असते, कारण यादीसुद्धा दुसऱ्याच वाटेने येते.

सगळ्यात मोठी खोट पासवर्डची. जुना एफटीपी तो उघडा पाठवतो, मधला कोणीही वाचू शकतो. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात तातू युलोनेन यांनी एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत, बनवली ती पासवर्ड चोरीच्या अशाच एका प्रकारानंतर. एसएफटीपी त्याच सुरक्षित जोडणीवरून चालतो आणि सगळं काम पोर्ट २२ वरच्या एका जोडणीत आटपतो. नावात एफटीपी असलं तरी आतून तो वेगळाच प्रोटोकॉल. एफटीपीएस मात्र खरा एफटीपीच, एन्क्रिप्शनचं चिलखत चढवलेला. क्रोम आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये एफटीपीला रजा दिली. होस्टिंगवाला एसएफटीपी देत असेल तर साधा एफटीपी वापरायचं काहीच कारण नाही.

बाकी घोळ साधे असतात. लिनक्स सर्व्हरला लहान-मोठी रोमन अक्षरं वेगळी वाटतात, त्यामुळे घरी दिसणारं चित्र साइटवर गायब होतं. मोठी फाइल चढत असताना कोणी पान उघडलं तर त्याला अर्धवट फाइल मिळते. त्यावर उपाय म्हणजे ती आधी दुसऱ्या नावाने चढवायची आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं. नामांतर क्षणात होतं. जुन्या फाइलवर नवी चढली की मात्र ‘अनडू’ नसतं, म्हणून आधी जुनी प्रत उजवीकडून डावीकडे उतरवून घ्या.