गुडघेरोपणानंतर पुन्हा भरती : हा प्रश्न आला कुठून?

१८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवली. जंतुसंसर्गाने तो प्रयोग फसला. १९७० च्या दशकात आजच्या धर्तीचे सांधे आले, आणि पुढे बरीच वर्षं चर्चा फिरत राहिली ती सांधा किती टिकतो याभोवतीच.

तेव्हा रुग्णाचा मुक्कामच मोठा असे. जखमेतून पाणी येऊ लागलं, पोटरी सुजली, तर राउंडवरच्या डॉक्टरांना ते तिथेच दिसे. पुढे भूल देण्याच्या पद्धती सुधारल्या, त्याच दिवशी रुग्णाला उभं करू लागले, मुक्काम दोन-तीन दिवसांवर आला. ही खरीच प्रगती. पण पायातली रक्ताची गाठ किंवा जखमेतला संसर्ग पुष्कळदा त्यानंतर डोकं वर काढतो, आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो.

या गोष्टीची मोजदाद गांभीर्याने सुरू झाली ती अमेरिकेत. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेतला जवळपास पाचातला एक रुग्ण डिस्चार्जनंतर ३० दिवसांत परत भरती होतो, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. २०१० च्या आरोग्य कायद्याने ज्यांचे रुग्ण अपेक्षेपेक्षा जास्त प्रमाणात परत भरती होतात अशा रुग्णालयांचे पैसे कापायची तरतूद केली. ती ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाली आणि दोन वर्षांनी नियोजित गुडघे व खुबेरोपणही तिच्या कक्षेत आलं.

मग संशोधकांची नजर सांध्यावरून माणसाकडे वळली. आटोक्यात नसलेला मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडाचा आजार, अतिस्थूलपणा, धूम्रपान, रक्तक्षय ही नावं पुन्हा पुन्हा पुढे आली. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कमतरतेचंच पाहा. वजनदार माणूसही आतून कुपोषित असू शकतो; त्याची जखम सावकाश भरते, आणि हे शस्त्रक्रियेआधीच्या साध्या रक्ततपासणीत कळू शकतं. यातल्या बऱ्याच गोष्टी आधी सुधारता येतात, म्हणून घाईने तारीख घेण्यापेक्षा काही आठवडे थांबणं मला केव्हाही शहाणपणाचं वाटतं.

दंडामुळे गरीब रुग्णांवर उपचार करणारी रुग्णालयंच भरडली जातात, ही तक्रार मात्र रास्त होती. २०१६ च्या कायद्यानंतर सारख्या प्रकारच्या रुग्णालयांची आपापसांत तुलना होऊ लागली. तरीही ही मोजणी मुख्यतः बिलांच्या नोंदींवर चालते. रुग्णाला घरी आधार द्यायला कुणी आहे का, जिने किती चढावे लागतात, हे त्या नोंदींत येत नाही.