कल्हई उडालेली पिन

कराडहून चिपळूणला येताना, कुंभार्ली घाटात, भर पावसात आमच्या गाडीचा डावा हेडलाइट गेला. पुढच्या खड्ड्यात आपोआप लागला. पोफळी येईपर्यंत असं सहा-सात वेळा झालं. आणखी एक विचित्र गोष्ट दिसत होती. मी डिप्परवर, म्हणजे खाली पडणाऱ्या झोतावर चालवत होतो, पण डावा दिवा मंदावला की डॅशबोर्डवरची अप्परची, म्हणजे लांबच्या झोताची निळी खूण हलकेच मिणमिणायची.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये दिवा लख्ख लागला. तरी बल्ब बदलून घेतला. दहा-बारा दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. पुन्हा नवा बल्ब, पुन्हा दहा-बारा दिवसांची शांतता. बल्ब बदलल्यावर दिवा सुधारतो, मग दोष बल्बचाच, असं कुणालाही वाटेल. पण बल्ब बदलताना आपण आणखी एक गोष्ट नकळत करतो. मागचा कपलर, म्हणजे बल्बला वायरी जोडणारा प्लग, ओढून काढतो आणि परत खुपसतो. त्या घासण्याने पिनवरचा थर खरवडला जातो आणि काही दिवस वीज नीट वाहते. दोन्ही वेळा बरं केलं होतं ते त्या खरवडण्याने.

धातूची एक पट्टी दुसरीवर दाबून बसवली, की ती सगळीकडून टेकली आहे असं डोळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात, आणि वीज जाते ती मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांतून. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या स्पर्शबिंदूंचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यातले थोडे बिंदू जरी बंद पडले, तरी उरलेल्यांवर सगळा भार येतो.

हे बिंदू बंद का पडतात, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून आपण आतून कल्हई लावायचो. कपलरमधल्या पिनाही बहुधा तांब्याच्या किंवा पितळेच्याच असतात आणि त्यांच्यावरही कल्हईच असते, म्हणजे कथलाचा काही मायक्रोमीटर जाडीचा मुलामा. इंजिनाच्या थरथरीने पिन आपल्या जागी केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतर मागेपुढे सरकत राहते. दर सरकण्याला कथलाचा कण निघतो, हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि तिथेच साठतो. हे ऑक्साइड कठीण असतं आणि वीज जवळजवळ वाहू देत नाही. कल्हई उडाली की खालचं पितळ उघडं पडतं, दमट खारी हवा लागली की हिरवं होतं. वायरमन त्याला ‘कार्बन धरलाय’ म्हणतात. तो कार्बन नसतो, पण त्यांचं बोट बरोबर जागेवर असतं.

मग मीटर, म्हणजे व्होल्ट-ओहम मोजणारा मल्टीमीटर, लावूनही दोष सापडत का नाही? कारण आपण तो चुकीच्या वेळी लावतो. कपलर काढून त्यात मीटरच्या पिना घातल्या, तर आकडा बारा व्होल्टच्या वर दाखवतो आणि आपण म्हणतो, करंट तर येतोय. पण मीटर स्वतः एका मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज ओढतो आणि ५५ वॅटचा दिवा साडेचार अँपिअर. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतोच. पाइप आतून किती चोंदलाय ते नळ सोडल्यावर कळतं. म्हणून मोजायचं ते दिवा चालू ठेवून, कपलर जागेवर असताना.

शेवटी घरीच तसं मोजलं. इंजिन चालू, डिप्पर लावलेला, मीटर २० व्होल्टच्या डीसी रेंजवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरली आणि लाल पिन बल्बच्या अर्थिंगच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या पात्याला टेकवली. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा होता. आला १.९ व्होल्ट. मग लाल पिन त्याच कपलरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथे घातली. ०.१ व्होल्ट. म्हणजे बॉडीचं अर्थिंग चांगलं, वायर चांगली आणि मधल्या एका सेंटिमीटरच्या सांध्यात १.८ व्होल्ट गडप. हिशेब केला तर तो सांधा ०.४ ओहमचा निघतो. एवढा लहान अडथळा साध्या मीटरच्या ओहम रेंजवर धड दिसतही नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा ०.२-०.३ ओहम भरतो.

पण या ०.४ ओहमची करामत पाहा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ ऐवजी १२.२ व्होल्ट मिळाले तरी जवळपास चौथा हिस्सा उजेड जातो. दोनेक व्होल्ट गेले तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. शिवाय त्या सांध्यात आठेक वॅट उष्णता तयार होते. तिने पिनची स्प्रिंग सैल पडते, पकड ढिली होते, अडथळा वाढतो, म्हणून उष्णता आणखी वाढते. आमच्या कपलरचं प्लॅस्टिक त्या एका पिनपाशी तपकिरी पडलं होतं. जास्त उजेडासाठी ९०-१०० वॅटचे बल्ब बसवणाऱ्यांनी हे नक्की लक्षात घ्यावं: ५५ च्या जागी ९० वॅट म्हणजे त्याच सांध्यात सुमारे पावणेतीनपट उष्णता.

निळ्या खुणेचं कोडंही इथेच सुटलं. आमच्या दिव्यातल्यासारख्या एच-४ बल्बमध्ये अप्पर आणि डिप्पर या दोन फिलामेंटना, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारांना, अर्थिंगची पिन एकच असते. ती सुटली की डिप्परमधून आलेली वीज अडून राहत नाही. अप्परच्या फिलामेंटमधून उलटी शिरते, अप्परच्या वायरीतून उजव्या दिव्याच्या अप्परपर्यंत आणि त्या निळ्या खुणेपर्यंत पोचते आणि तिकडून अर्थ गाठते. बहुतेक गाड्यांत स्विच पॉझिटिव्ह बाजूला असतो, तिथे हे लक्षण दिसलं की बल्बकडे न बघता थेट अर्थिंग तपासावं. अर्थिंगला मात्र सगळं ठीक मोजलं गेलं, तर मीटरच्या पिना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या जिवंत, म्हणजे वीज आणणाऱ्या पात्यापर्यंत लावून तसंच मागे मागे जायचं: कपलर, रिले (विजेवर चालणारा स्विच), फ्यूजची पकड, अप्पर-डिप्परचा स्विच. एकेक सांधा ओलांडताना आकडा जिथे एकदम पडतो, तिथे दोष. मोजता मोजता वायर हलवून बघावी. आकडा नाचला तर जागा पक्की. झेनॉनचे दिवे असलेल्यांनी मात्र हे घरी करू नये, ते पेटताना तिथे हजारो व्होल्ट असतात.

पॉलिश पेपरने पिन घासून भागलं असतं, पण उरलीसुरली कल्हईही त्यात गेली असती आणि सैल झालेली स्प्रिंग परत ताठ झाली नसती. म्हणून जुना कपलर कापून सिरॅमिकचा नवा बसवला. पुन्हा मोजलं: ०.०५ व्होल्ट. मग उजव्या बाजूला मीटर लावला. त्या दिव्याने कधीच त्रास दिला नव्हता. आकडा आला ०.६. तोही कपलर त्याच दिवशी बदलला.