ड्रायव्हर घातला म्हणजे विंडोज सुरू होतेच का?
बंद असलेल्या विंडोजमध्ये डिस्म या विंडोजच्याच कमांड साधनाच्या साह्याने स्टोरेज ड्रायव्हर (विंडोजला डिस्क वापरता यावी यासाठीचा प्रोग्राम) घातला की ती कोणत्याही संगणकावर सुरू होते, हा समज अर्धाच खरा आहे. बूटसाठी, म्हणजे विंडोज सुरू होण्यासाठी, अत्यावश्यक ड्रायव्हर अशा वेळी खरोखर स्थापित होतात आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ ही निळ्या पडद्यावरची त्रुटी त्यामुळे अनेकदा टळते. बाकीचे मात्र ड्रायव्हर स्टोअरमध्ये (विंडोजच्या ड्रायव्हर साठवण्याच्या जागेत) नुसते ठेवले जातात आणि यंत्रणा सुरू झाल्यावर प्लग अँड प्ले ही हार्डवेअर ओळखणारी व्यवस्था त्यांना हार्डवेअरशी जोडते. ज्या ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (स्थापनेची माहिती देणारी फाइल) उपलब्ध नाही, केवळ ईएक्सई इन्स्टॉलर आहे, तो असा घालताच येत नाही. शिवाय फर्मवेअर (संगणकात मुळातच असलेला प्रोग्राम) आणि बूटलोडर (विंडोज लोड करणारा प्रोग्राम) यांचे काम ड्रायव्हर लोड होण्यापूर्वीचे असल्याने, एमबीआर (डिस्कच्या विभागणीची जुनी पद्धत) डिस्कवर बायोस या जुन्या फर्मवेअरच्या पद्धतीने बसवलेली विंडोज केवळ यूईएफआय हे नवे फर्मवेअर जाणणाऱ्या संगणकावर, कितीही ड्रायव्हर घातले तरी, आहे तशी सुरू होणार नाही.