गोबी आणि कोळंबी : नोंदींमधली सव्वाशे वर्षांची ताटातूट

कोळंबीने खणलेल्या बिळात बिऱ्हाड थाटणारा गोबी हा वितीहून लहान मासा विज्ञानाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तांबड्या समुद्रातील 'क्रिप्टोसेंट्रस क्रिप्टोसेंट्रस' या जातीचे वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी १८३७ मध्ये केले, तर ज्या कोळंबीशी त्याची जोडी जमते त्या 'अल्फियस जिबूटेन्सिस'ला डी मान यांनी १९०९ मध्ये नाव दिले. तांबड्या समुद्रातील गोबी आणि या कोळंबीचे सहजीवन मात्र वुल्फगांग लुथर यांच्या १९५८ च्या जर्मन निबंधातून अभ्यासकांपुढे आले.

हा विलंब अभ्यासाच्या पद्धतीतच दडलेला होता, असे म्हणावे लागेल. नमुने पाण्याबाहेर काढून मद्यार्कात ठेवले, की मासा एका बरणीत आणि कोळंबी दुसरीत जाते, आणि त्या तपासणारे तज्ज्ञही निराळे असतात. कूस्तो आणि गान्यां यांच्या १९४३ च्या अ‍ॅक्वालंग या पाण्याखाली श्वास घेण्याच्या उपकरणानंतर पाणबुड्याला तळाशी निवांत थांबणे शक्य झाले. तेव्हा दिसले ते असे : दृष्टी अधू असलेली कोळंबी ढासळत्या बिळातली वाळू नांग्यांनी ढकलत बाहेर येते, पण बाहेर असेपर्यंत तिची एक स्पर्शिका बिळाच्या तोंडाशी बसलेल्या माशाच्या अंगाला टेकलेली असते. माशाने शेपूट किंचित फडफडवली, की कोळंबी तत्काळ मागे सरते. संकट अगदीच जवळ आले, तर मासाच आत सूर मारतो.

१९७० च्या दशकात हा विषय प्रयोगांच्या कक्षेत आला. इलान कार्प्लस आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये कृत्रिम बिळांतील, तर १९७४ मध्ये उत्तर तांबड्या समुद्रातील खऱ्या बिळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेस्टन यांचे या जोडीतील संदेशवहनावरील काम १९७८ चे. असे गोबी लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांलगतही आढळतात. कोकणातील खाड्यांच्या चिखलात उड्या मारणारा निवटा याच गणातला, पण त्याचे बीळ तो स्वतःच खणतो.

राखणीच्या बदल्यात निवारा, एवढाच हा व्यवहार असल्याचे दीर्घकाळ मानले जात होते. जपानी संशोधकांनी २०१७ मध्ये त्यात भर घातली : मासा बिळात टाकतो ती विष्ठा कोळंबीचे महत्त्वाचे अन्न ठरते.