गढूळ पाण्यासाठी घरगुती गाळणी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा लागला की दुकानात एकच विचारणा सुरू होते: विहिरीचं पाणी मातकट येतंय, काय करू? पिंप, तोटी, वाळू, खडी आम्हीच विकतो, म्हणून गाळणी कशी भरायची ते इथे देत आहोत. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. ही गाळणी गढूळपणा काढते, जंतू मारत नाही. गाळलेलं पाणी खळखळ उकळी आल्यावर आणखी 1 मिनिट उकळायचं, नाहीतर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनचं औषध टाकून अर्धा तास थांबायचं. यात सूट नाही.

मग गाळायचं तरी कशाला? गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांआड लपतात आणि निम्मंशिम्मं औषध त्या गाळातच खर्ची पडतं. पाणी नितळ असेल तरच औषध लागू पडतं.

40 लिटरचं झाकणाचं पिंप घ्या. रंगाचा किंवा फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा नको, कितीही धुतला तरी नको. तळापासून 1 इंचावर भोक पाडून दोन्ही बाजूंनी रबरी वायसर लावा आणि तोटी घट्ट बसवा. तळाशी 3 इंच वाटाणा खडी, त्यावर 2 इंच ज्वारीच्या दाण्याएवढी बारीक खडी. मग सुती कापड, 2 इंच कोळसा, पुन्हा कापड आणि सगळ्यात वर 8 इंच बारीक वाळू. वाळूवर भोकं पाडलेली ताटली ठेवा, म्हणजे पाणी ओतताना खड्डा पडणार नाही.

खरी मेहनत वाळू धुण्यात आहे आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. नदीची वाळू आधी चाळून घ्या. अर्धी बादली वाळू, वर पाणी, हाताने खालपासून ढवळा आणि गढूळ पाणी लगेच ओतून द्या. असं आठ-दहा पाण्यांनी धुवा. मग मूठभर वाळू पारदर्शक बाटलीत पाण्यासोबत हलवून बघा. वाळू खाली बसताच वरच्या पाण्यातून वर्तमानपत्राची अक्षरं वाचता आली, तर वाळू तयार झाली. समुद्राची वाळू खारट असते, ती नको. क्रश सँड आम्ही प्लास्टरसाठी विकतो, पण तिच्यात दगडाची भुकटी फार असते, म्हणून या कामाला देत नाही.

कोळसा लाकडाचा किंवा करवंटीचा हवा, दगडी नको. हरभऱ्याएवढे तुकडे करून काळं पाणी जाईपर्यंत धुवा. त्याने वास आणि रंग थोडा कमी होतो. बाजारच्या फिल्टरमधल्या कोळशाची ताकद त्यात नसते. महिन्याभराने बदला.

पहिल्या काही बादल्या झाडांना घाला. तोटी थोडीच उघडा, धार पेन्सिलीहून बारीक हवी. धार मंदावली की वरची 1 इंच वाळू काढून धुऊन परत घाला.

पाणी फारच लाल असेल तर आधी त्यात तुरटी फिरवून रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून गाळून पिंपात घाला. जुन्याच, कारण वारंवार धुतल्याने सुताचे धागे मोकळे होऊन छिद्रं बारीक होतात. बांगलादेशातल्या खेड्यांत तळ्या-नद्यांचं पाणी असं साडीतून गाळलं तेव्हा पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले; तो अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला.

पाण्यात विरघळलेले क्षार या गाळणीत अडकत नाहीत. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी किंवा यवतमाळ-चंद्रपूरकडे काही गावांत सापडणारं फ्लोराइडचं पाणी यातून गाळू नका. उकळूनही उपयोग नाही, क्षार उलट दाट होतात. तिथे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. अशा पाण्यासाठी कुणी वाळू मागितली तर आम्हीही आधी तपासणीच करायला सांगतो.

पिंप घेऊन दुकानात आलात तर तोटीचं भोक पाडून, वायसर बसवून, पाणी भरून गळती तपासून देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.