गावाकडे कसला आलाय ताण?

‘ताण शहरातल्यांना. गावाकडे काय, मोकळी हवा आणि घरचं दूध!’ कोरोनाकाळाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. जणू ताण फुप्फुसातूनच शिरतो.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा भाजीपाला रानात तयार होता आणि बाजार बंद. मुंबईहून आलेला दीर जिल्हा परिषदेच्या शाळेत विलगीकरणात. घरात स्मार्टफोन एकच, तोही बापाच्या खिशात, शेतावर. शाळेतल्या खिचडीऐवजी कोरडा शिधा मिळू लागला, म्हणजे दुपारची चूलही आईकडेच.

धोका जाणवला की मेंदूतलं हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतं. त्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक रक्तात येतं. खरी गंमत पुढे आहे. हेच कॉर्टिसॉल मेंदूत पोचून वरच्या दोघांना ‘पुरे’ म्हणतं. स्वतःचा ब्रेक ते स्वतःच दाबतं. त्याला रोजची लयही असते. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिखर गाठतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. ही लय मेंदूतलं सुमारे २० हजार चेतापेशींचं घड्याळ राखतं आणि ते मुख्यतः उजेडावर लागतं. यकृतातलं घड्याळ मात्र जेवणाच्या वेळा बघतं.

मानसिक ताणात ही संप्रेरकांची साखळी जोरात हलवणाऱ्या गोष्टींपैकी दोन : पुढचा अंदाज नसणं आणि हातात काही नसणं. टाळेबंदीत दोन्ही होत्या. आईची पहाट म्हशीच्या धारेला बांधलेली राहिली, पण पोरांचा दिवस सुटला. रात्री मोबाइल, सकाळी उशिरा उठणं, अवेळी जेवण, मग चिडचिड आणि वर बापाची बोलणी. ठरलेल्या वेळेचं जेवण-झोप यांनी भाजीला भाव मिळत नाही. दिवसातल्या निदान चार गोष्टी आधी कळतात, एवढंच. साखळीला तेही पुरतं, थोडं का होईना.

‘कॉर्टिसॉल साफ करणारे’ काढे विकणाऱ्यांना एक विचारावं : साफ करून माणूस जगवणार कसा? ॲडिसनच्या आजारात ते फार कमी पडतं, रक्तदाब ढासळतो आणि उपचार न मिळाल्यास जीव जातो.

ग्रामीण महाराष्ट्रात नववी ते बारावीचे वर्ग नोव्हेंबर २०२० मध्ये उघडू लागले. सर्वांत जास्त लक्ष मागणारी पहिली ते चौथीची पोरं डिसेंबर २०२१ पर्यंत घरीच होती.