एन्क्रिप्टेड क्लाउडला बॅकअप जोडताना मधे पूल का लागतो

बॅकअप अ‍ॅपमध्ये एस3चा, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या साठवण-सेवेचा, पत्ता टाकला की काम सुरू होतं. मेगा किंवा प्रोटॉन ड्राइव्हसारखी एन्क्रिप्टेड क्लाउड जागा असेल तर मात्र बहुतेक वेळा मधे आणखी एक प्रोग्रॅम चालवावा लागतो. असं का? एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, माहिती उघडणारी किल्ली वापरणाऱ्याकडेच राहावी हे बॅकअपवाल्यांनीही ठरवलं आणि क्लाउडवाल्यांनीही, पण एकमेकांना न विचारता.

बॅकअपवाले आधी निघाले. मार्च 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनने एस3 सुरू केलं. नाव आणि बाइट दिले की ते ठेवून घेतं, मागितले की परत देतं. आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कॉलिन पर्सिव्हल यांची टारस्नॅप ही बॅकअप सेवा याच पायावर उभी राहिली. माहितीचे तुकडे पाडणं आणि एन्क्रिप्ट करणं, दोन्ही तुमच्याच संगणकावर. किल्लीवरच्या पासवर्डसाठी त्यांनी 2009 मध्ये मांडलेलं ‘एसक्रिप्ट’ हे पासवर्डपासून किल्ली बनवण्याचं तंत्र पुढे रेस्टिक या बॅकअप अ‍ॅपनेही घेतलं आणि फाइल क्लाउडवर नेणाऱ्या आरक्लोन या प्रोग्रॅमनेही.

तुकडे आधी आणि एन्क्रिप्शन नंतर, हा क्रम महत्त्वाचा. एकच फाइल दोन वेगळ्या किल्ल्यांनी एन्क्रिप्ट केली तर बाहेर पडणाऱ्या बाइटमध्ये काहीच साम्य उरत नाही, त्यामुळे सर्व्हरला एकसारखा मजकूर ओळखून जागा वाचवता येत नाही. ते काम बॅकअप अ‍ॅपलाच आधी उरकावं लागतं. बोर्ग आणि रेस्टिक ही बॅकअप अ‍ॅप तुकड्याची हद्द मजकुरावरून ठरवतात. मोठ्या फाइलच्या सुरुवातीला चार अक्षरं वाढली तरी साधारण तेवढाच तुकडा बदलतो, बाकीचे पुन्हा पाठवावे लागत नाहीत. या मंडळींना समोर हुशार सर्व्हर नकोच होता.

क्लाउडवाल्यांची वाट वेगळी. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवांत फाइल एन्क्रिप्ट असायच्या खऱ्या, पण किल्ली कंपनीकडे. जानेवारी 2013 मध्ये मेगाने ब्राउझरमध्येच एन्क्रिप्शन करायला सुरुवात केली. त्याच वर्षी जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेली अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं छापून येऊ लागली आणि ‘किल्ली कोणाकडे?’ हा प्रश्न सामान्य ग्राहकही विचारू लागला. पण या सेवांची रचना होती ती स्क्रीनसमोर बसून लॉगिन करणाऱ्या माणसासाठी. शिवाय सर्व्हरकडे किल्लीच नाही म्हटल्यावर नुसता अपलोडचा पत्ता देऊन भागत नाही. एन्क्रिप्ट करणारा कोड तुमच्या मशीनवर चालावाच लागतो. पूल लागतो तो इथे.

त्यासाठी जुनंच साधन कामाला आलं. 1999 मध्ये प्रमाणित झालेलं वेबडॅव्ह, म्हणजे वेबवरून फाइल वाचण्या-लिहिण्याची पद्धत, अनेक बॅकअप अ‍ॅपना कळते. मेगाचाच मेगासीएमडी हा प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर वेबडॅव्ह सर्व्हर उघडतो: अ‍ॅप 127.0.0.1 वर, म्हणजे त्याच संगणकाच्या पत्त्यावर, साधी फाइल लिहितं, ती तिथे एन्क्रिप्ट होऊन पुढे जाते. दुसरा पूल आरक्लोनचा. 2018 मध्ये रेस्टिकच्या 0.9 आवृत्तीपासून रेस्टिक आरक्लोनला थेट हाताशी धरू लागलं, आणि 2023 मध्ये आरक्लोनला प्रोटॉन ड्राइव्हशीही बोलता येऊ लागलं, तेही बीटा, म्हणजे चाचणीच्या, अवस्थेत.

आरक्लोनने क्लाउड संगणकाच्या ड्राइव्हसारखा जोडून (माउंट करून) त्यावर बॅकअप घेणं सोपं वाटतं, पण मला ते पटत नाही. लिहिण्याची कॅशे (तात्पुरता साठा) चालू असेल तर फाइल आधी स्थानिक डिस्कवर साठते आणि बंद झाल्यावर, ठरलेल्या सेटिंगप्रमाणे पाच सेकंदांनी, अपलोडला लागते. अ‍ॅप ‘बॅकअप पूर्ण’ म्हणून मोकळं होतं, तेव्हा शेवटचा डेटा अजून घरातच असू शकतो. तेवढ्यात लॅपटॉप मिटला तर अपलोड अर्धवट राहतं. रेस्टिक आरक्लोनला स्वतः चालवतं तेव्हा ही कॅशे मधे येत नाही.

मग एकदा रेस्टिकचं आणि एकदा क्लाउडचं, असं एन्क्रिप्शन दोनदा होतं, ते कशाला? जून 2022 मध्ये ईटीएच झ्युरिक या स्विस विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की मेगाचा सर्व्हरच उलटला तर वापरणाऱ्याच्या 512 लॉगिनमधून त्याची खासगी किल्ली काढता येते. मेगाने दुरुस्ती केली. पण ज्यांचा बॅकअप रेस्टिकने आधीच एन्क्रिप्ट केलेला होता, त्यांचा मजकूर तशाही हल्ल्यात वाचता आला नसता. याची किंमत म्हणजे सांभाळायच्या गोष्टी वाढतात: रेस्टिकचा पासवर्ड, क्लाउडचं लॉगिन, आणि दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर तिचे रिकव्हरी कोड. हे सगळं ज्या डिस्कचा बॅकअप घेतोय तिच्याबाहेरही कुठेतरी लिहून ठेवावं लागतं.